भाव आज, शेअर पुढच्या वर्षी

मी ज्या गोष्टी सांगताना उड्या मारते, त्या ऐकताना इतर माणसांना झोप येते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. ते खरं आहे, म्हणूनच मला त्याचा राग येतो. मी शिकागोजवळच्या एका मध्यम आकाराच्या वीज कंपनीत काम करते. वीज कशी तयार होते हे मला ढोबळमानानेच कळतं. ती तयार करायला आणि तारांवरून घरोघर न्यायला लागणारा पैसा कुठून आणायचा, हे बघणं माझं काम. त्या वर्षी तो कसा आणायचा याची एक कल्पना माझ्या डोक्यात अशी घुसली होती की जेवताना, गाडी चालवताना, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंग शोधताना मी तेच बोलायचे. नवरा "हो का, वा" म्हणत राहायचा. मुलगी मागच्या सीटवरून "आई, प्लीज, नॉट द फॉरवर्ड थिंग अगेन" म्हणायची आणि कानात इअरफोन घालायची.

तर हे फॉरवर्ड प्रकरण काय ते इथे एकदाच सांगते. आमच्या भागात डेटा सेंटर उभी राहायला लागली होती. जिथे मैलोन् मैल मका दिसायचा तिथे बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती आल्या. त्यांना वीज हवी, म्हणजे नव्या तारा, नवे मनोरे, नवे ट्रान्सफॉर्मर. हे सगळं नुसतं कर्ज काढून करायला गेलं तर कर्ज देणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, म्हणून काही पैसा शेअर विकून आणावाच लागतो. पण ट्रान्सफॉर्मर आज मागवला म्हणून उद्या येत नाही, कंत्राटदाराचं बिलही कामाप्रमाणे हळूहळू येतं. आज शेअर विकले तर पैसा येऊन नुसता पडून राहणार, आणि नवे भागधारक मात्र आजपासूनच नफ्यात वाटा घेणार. बरं, थांबावं तर तोवर शेअरचा भाव कोसळला तर काय घ्या? यावर तोड अशी की भाव आज पक्का करून टाकायचा. शेअर द्यायचे आणि पैसे घ्यायचे ते मात्र नंतर, पुढच्या वर्षभरात, आपल्याला गरज पडेल तेव्हा.

मग आज बाजारात जे विकले जातात ते कुठले शेअर? हा प्रश्न कुणी विचारला की मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटते, कारण खरी गंमत तिथेच आहे. आमचे जे शेअर आधीपासून मोठमोठ्या फंडांकडे आहेत, ते बँक त्यांच्याकडून उसने आणते आणि आज विकते. पुढे आम्हाला पैसे लागले की आम्ही नवे शेअर काढून बँकेला देतो. बँक ठरल्या भावानं आम्हाला पैसे देते आणि आमचे नवे शेअर फंडांना देऊन आपली उसनवारी फेडते. मधल्या काळात त्या भावात थोडं व्याज मिळवलं जातं, थोडा लाभांश वजा होतो. बस्स, एवढंच. मला हे पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटीच हसत होते.

ही युक्ती माझी नव्हे. मोठ्या वीज कंपन्या ती सर्रास वापरतात. पण आमच्या कंपनीत ती कुणी वापरली नव्हती, आणि ती वापरावी हा हट्ट माझा होता. तोवर माझ्या कल्पना दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून मीटिंगमध्ये जायच्या आणि मी मागच्या खुर्चीत बसून स्लाइड पुढे सरकवायचे. या वेळी मात्र फायनान्सच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "संचालकांसमोर तूच मांड." या बाई म्हणजे कमी बोलणारं, आयोवाच्या शेतावर वाढलेलं माणूस. कौतुक करायची वेळ आली की त्या फक्त मान हलवतात. मी मांडलं, संचालकांनी चक्क होकार दिला, आणि बाहेर आल्यावर बाईंनी मान हलवली. आता हे पार पडलं तर माझं, आणि फसलं तरी माझंच. फसलं तर पुन्हा मागची खुर्ची, आणि या खेपेला तिच्यातून उठायला मिळणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

न्यूयॉर्कच्या ज्या बँकेला आम्ही हे काम दिलं, तिथला आमच्या व्यवहाराचा प्रमुख मराठी निघाला. पहिल्या कॉलवरून बाकीचे गेल्यावर तो जरा चाचरत म्हणाला, "मराठीत बोललं तर चालेल ना?" त्यानंतर आमचं अर्धं काम मराठीत व्हायला लागलं. तो मूळचा पुण्याचा, राहायला जर्सी सिटीत. मी नाशिकची. पुण्याच्या माणसाला असतो तो आत्मविश्वास याच्याकडे होताच, वर बँकेतल्या माणसाचाही होता, तेव्हा काय विचारता! वार्षिक निकाल जाहीर झाल्यानंतरचा मार्चमधला एक आठवडा त्यानं निवडला. बाजार चढता होता, आमचा शेअर खुशीत होता. उसने शेअर मिळतील ना, असं मी विचारलं तर म्हणाला, "अगं, डोन्ट वरी. भरपूर आहेत. शेअर उसने आणणाऱ्या आमच्या डेस्कनं चेक केलंय."

त्याच आठवड्यात होळी होती. आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी उगाच जोरात बोलून बसले होते की होळीला दुकानातल्या गोठवलेल्या पुरणपोळ्या आणायच्या असतील तर होळी तरी कशाला करता? जी बोलते तिच्या गळ्यात पडतं, हा मंडळाचा अलिखित नियम. तेव्हा पुरण माझ्याकडे आलं. फूड प्रोसेसरमधलं पुरण मला पटत नाही. त्याचा चिकट गोळा होतो. पुरणयंत्र हवं, आणि आमच्या भागात चांगलं, जड, पितळी पुरणयंत्र एकच आहे. ते दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या नागपूरच्या काकूंचं. काकूंनी ते कधीकाळी बॅगेत कपड्यांचं ओझं कमी करून आणलं होतं, आणि वर्षभर ते या घरातून त्या घरात फिरत असतं. कुणाकडे आहे हे विचारायला सगळे काकूंनाच फोन करतात.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. ओट्यावर यंत्र होतंच, घासून लखलखीत केलेलं.

"काकू, घेऊन जाऊ का?" मी विचारलं.

"वर्षभर ने ना. या आठवड्यात नाही मिळत."

"अहो, मला होळीसाठीच हवंय."

"बाप्पा! सगळ्यांना होळीसाठीच हवं असते," काकू म्हणाल्या. "म्हणूनच तर मी आधीच सगळ्यांकडून परत मागवते. माझ्या घरी मला पुरण नको का? होळी झाली की दुसऱ्या दिवशी ये अन् खुशाल घेऊन जा. मग पुढल्या होळीपर्यंत विचारणार पण नाही मी."

मी "बरं" म्हणाले, थोडी फुरंगटून दाराकडे गेले, एका पायात चप्पल घातली आणि तशीच उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर पुरणयंत्र नव्हतंच, फंड होते.

शेअरला मत असतं. मे महिन्यात आमच्या कंपनीची वार्षिक सभा, आणि त्या सभेत मत कुणी द्यायचं हे मार्चमधल्या एका ठरावीक दिवशी शेअर कुणाच्या हातात आहे यावर ठरतं. तुम्ही तुमचा शेअर उसना दिला असेल तर त्याबरोबर मतही गेलं. म्हणून ज्यांना मत द्यायचं असतं ते फंड त्या दिवसाच्या आधी आपले उसने दिलेले शेअर परत मागवून घेतात, आणि नवे तर देतच नाहीत. त्या वर्षी तर काही गुंतवणूकदारांनी आमच्या संचालक मंडळावर आपली माणसं बसवायचा घाट घातला होता, म्हणजे सगळ्यांनाच मत हवं होतं. आणि तो दिवस कुठल्या आठवड्यात होता? आमच्या व्यवहाराच्याच! ती तारीख कुणा परक्यानं ठरवली नव्हती. आमच्याच कंपनीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर बसणाऱ्या कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसनं ठरवली होती. बँकेनं शेअर आहेत का ते विचारलं, त्या आठवड्यात देणार का ते विचारलं नाही. आम्ही भाव बघितला, बाजार बघितला, आणि वरच्या मजल्यावर कुणी चढून बघितलं नाही.

"काय झालं व? बरं वाटत नाही का?" काकूंनी विचारलं.

मी एका चपलेवर उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगितलं. उत्साहात मला समोर कोण आहे याचं भान राहत नाही. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याची वस्तू उसनी आणायची अन् विकून टाकायची? माझं यंत्र असं कोणी विकलं तर मी पोलीसच बोलावीन."

"तसंच दुसरं नवं आणून देतात, काकू."

"पितळी?"

"अगदी सेम."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, पण त्यांचा माझ्यावरचा विश्वास जरा कमी झालेला मला दिसला.

मी गाडीत बसून जर्सी सिटीला फोन लावला. तो मुलाच्या सॉकरच्या मैदानावर होता, मागे आरडाओरडा चालला होता.

"शेअर मिळतील का ते कधी विचारलंस?" मी सरळ मुद्द्यावर आले.

"लास्ट वीक. अगं, सांगितलं ना, बॉरोचा इश्यू नाहीये, यार."

"आहेत का विचारलंस, की पुढच्या आठवड्यात देणार का विचारलंस? मताच्या हक्काची तारीख त्याच आठवड्यात आहे."

मैदानावर कुणीतरी गोल मारला असावा, कारण पालकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "मी चेक करून सांगतो." पुण्याच्या माणसाकडून हे वाक्य काढून घेणं ही काही साधी गोष्ट नाही, पण त्या क्षणी मला त्याचाही आनंद घेता आला नाही.

कारण करारात एक कलम होतं. बँकेला उसने शेअर मिळाले नाहीत, तर तेवढे शेअर कंपनीनं स्वतः, नवे, लगेच काढून द्यायचे. म्हणजे मी संचालकांसमोर उभी राहून जे टाळू म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच गळ्यात पडणार. पैसा आधीच येणार, वाटेकरीही आधीच येणार, आणि मग लोक विचारणार की एवढा उपद्व्याप केलाच कशाला.

सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाजातला पुणेरीपणा निम्म्यावर आला होता. "तू म्हणालीस तसंच आहे. सगळ्यात मोठे दोन लेंडर्स म्हणतायत, या आठवड्यात नाही. ती तारीख गेली की हवे तेवढे घ्या."

"होळीनंतर घेऊन जा म्हणतायत," मी म्हणाले.

"होळीचा काय संबंध?"

"तुला नाही कळायचं. आपण आठवडाभर पुढे ढकलूया."

"मी तेच रेकमेंड करणार होतो," तो म्हणाला.

मी लगेच बाईंच्या केबिनमध्ये गेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावरचा आमच्या शेअरचा भाव माझ्याकडे वळवला. छान वर चढलेला होता. "आज विकला तर हा मिळतो," त्या म्हणाल्या. "आठवडाभरानं काय मिळेल?"

"माहीत नाही."

"आणि पडला तर?"

"तर ती माझी चूक," मी म्हणाले. हे म्हणताना मला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. "पण आज गेलो तर उसने शेअर मिळणार नाहीत, आणि मग हा फॉरवर्ड फक्त नावाला राहील."

"ती मताच्या हक्काची तारीख कुणी ठरवली?"

"आपणच."

बाईंनी वर छताकडे बघितलं, जिथे कंपनी सेक्रेटरीचं ऑफिस होतं, आणि त्यांच्या तोंडून आयोवाच्या शेतावर शिकलेला एक शब्द निघाला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुझ्या शब्दावर थांबते." मान हलवली नाही.

तो आठवडा! मला वाटतं प्रेमात पडल्यावरसुद्धा मी फोनकडे इतक्या वेळा बघितलं नव्हतं. सुरुवातीला भाव जागेवर राहिला. मग व्याजदर वाढणार अशी कुठूनशी बातमी आली आणि वीज कंपन्यांचे शेअर खाली यायला लागले, आमचा सगळ्यांच्या पुढे. कॉरिडॉरमध्ये लोक माझ्याकडे बघून सौम्यपणे हसायचे, आणि ते सौम्य हसणं मला सहन व्हायचं नाही. मंडळाचा कार्यक्रम शनिवारी होता, म्हणून शुक्रवारी दुपारी मी घरी येऊन पुरण करायला घेतलं. यंत्र नव्हतं. स्टीलची चाळणी पालथी घालून, वाटीच्या बुडानं शिजलेली डाळ आणि गूळ घासत बसले. फोन ओट्यावर, भाव खाली. भाव जितका घसरला तितकी मी वाटी दाबली. नवरा येऊन म्हणाला, "मी करू का थोडं?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्यानं भांडी घासायला लागला. मुलीनं चमचाभर पुरण चाखलं आणि म्हणाली, "धिस इज द बेस्ट यू हॅव एव्हर मेड, आई. व्हॉट डिड यू डू?" मी वाटी पुन्हा दाबायला घेतली.

शनिवारी पोळ्या संपल्या. काकू येऊन चार लोकांसमोर म्हणाल्या की यंत्राशिवाय इतकं मऊ पुरण त्यांनी पाहिलं नाही, आणि सोमवारी यंत्र घेऊन जा. एरवी मी आठवडाभर या शाबासकीवर जगले असते. त्या रात्री अंथरुणावर पडले तरी डोक्यात एकच होतं, की मी थांबायला सांगितलं आणि भाव पडला.

सोमवारी भाव थांबला. मंगळवारी जरा वर आला. मताच्या हक्काची तारीख मागे पडली होती, आणि पुणेकराचा न्यूयॉर्कहून फोन आला तेव्हा तो इतका भराभर बोलत होता की मला दोनदा विचारावं लागलं. दोन्ही मोठे फंड शेअर द्यायला तयार होते. नुसते तयार नव्हते, दुसऱ्या कुणीतरी देण्याआधी आमचेच घ्या म्हणत होते, कारण उसने दिल्याचं भाडं त्यांनाही हवंच असतं. "फुल साइज मिळतंय," तो म्हणाला. "एकही शेअर तुम्हाला आत्ता काढावा लागणार नाही. आज करूया का?" मी पळत बाईंच्या केबिनमध्ये गेले. हो, पळत. आमच्या कंपनीत कुणी पळत नाही.

बाजार बंद झाल्याबरोबर बँकेनं विक्री जाहीर केली आणि त्यांची माणसं गुंतवणूकदारांना फोन करायला लागली. आम्ही काचेच्या मीटिंग रूममध्ये बसलो, मधोमध स्पीकरफोन. बाहेर अजून ऊन होतं. थोड्या थोड्या वेळानं तो पुणेकर लाइनवर येऊन सांगायचा, एक पेन्शन फंड आला, एक विमा कंपनी आली, जेवढे विकायचे त्याहून मागणी जास्त झाली. प्रत्येक वेळी मी टेबलाखाली मुठी आवळायचे. मला खूप, खूप आनंद होत होता आणि तो लपवणं मला जमत नव्हतं. समोर बसलेल्या आमच्या वकिलांनी मला पाण्याचा ग्लास दिला.

मग शेवटचा कॉल लागला. लाइनवर बँक, बँकेचे वकील, आमचे वकील. त्यानं भाव सांगितला. आठवड्यापूर्वी बाईंनी मला पडद्यावर दाखवला होता त्याच्यापेक्षा तो थोडासा कमी होता. थोडासाच. पण कमीच. आणि या भावावर, पुढच्या वर्षभरात, ट्रान्सफॉर्मर येतील तसतसे आम्हाला पैसे मिळणार होते, मग बाजारात काहीही होवो. आता रीत अशी की कंपनीतर्फे कुणीतरी तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा होकार द्यायचा. ते काम कायम बाईंचं. त्यांनी भाव कागदावर लिहिला. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. त्या थोड्याशा फरकाचं मला काय काय ऐकायला मिळणार हे मी मनात मोजायला लागले होते, तेवढ्यात त्यांनी स्पीकरफोन दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावरून माझ्यापुढे सरकवला.

"तू सांग," त्या म्हणाल्या.

त्या होकाराचं इंग्रजी वाक्य मला तोंडपाठ होतं. कंपनीच्या वतीनं, अमुक भावाला, अमुक अटींवर. वर्षानुवर्षं मागच्या खुर्चीत बसून मी ते इतरांच्या तोंडून ऐकलं होतं. मी फोनकडे वाकले, श्वास घेतला, आणि त्या वाक्यातला एकही शब्द मला आठवेना.

"हो!" मी ओरडले. "हो, हो!"

न्यूयॉर्कमध्ये कुणीतरी हसू दाबल्यासारखं खोकलं. मग बँकेच्या वकिलांनी अतिशय नम्रपणे विचारलं, की कंपनीनं आपलं उत्तर कृपया पुन्हा एकदा सांगावं.

माझे कान तापले. मी तोंड उघडलं, पण बाई माझ्या खांद्यावरून फोनकडे वाकल्या होत्या.

"ती काय म्हणाली ते ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "कंपनीचं उत्तर तेच आहे."